सरांच्या घड्याळाचं झाकण

दादा, सरांचं घड्याळ सापडलं. कुठले सर हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकं शेकड्यांनी आली, पण आपल्या घरात नुसतं 'सर' म्हटलं की आई हातातलं काम थांबवायची ते एकच. जुन्या घड्याळांचे फोटो मोबाइलवर टाकून ती विकणारा तिशीतला एक विक्रेता आहे, त्याच्या पानावर मला ते दिसलं. पुढून मी ओळखलं नसतं. पुढून ही घड्याळं सारखीच दिसतात, साईच्या रंगाची तबकडी, बारीक काटे, सोनेरी कडा. पण त्याने मागच्या झाकणाचाही फोटो टाकला होता आणि त्यावर देवनागरीत कोरलं होतं, 'शुभविवाह', खाली तिथी आणि शके. जावयाच्या घड्याळावर इंग्रजी तारीख न घालता शके घालणारे सासरे पुण्यातसुद्धा कितीसे असतील? ती अक्षरं मी नववीत असताना दुकानात तुमच्या शेजारी बसून मोठ्याने वाचली होती आणि शके म्हणजे काय म्हणून तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही डोळ्याचं भिंग न काढता म्हणालात, "त्यांच्या सासऱ्यांना विचार." मी त्या विक्रेत्याला निरोप पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, की त्याला पैसे नकोत, माझ्याकडे एखादं चांगलं नवं स्विस घड्याळ असेल तर तो अदलाबदल करील.

माझ्याकडे होतं, तेच तर. तुम्ही ते पाहिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी मी कंपनीच्या कामाला परदेशी गेले आणि येताना विमानतळावर ते घेतलं. निळी तबकडी, जड पोलादी पट्टा, पाण्यात शंभर मीटर चालतं म्हणे, मी खडकवासल्याच्या पाण्यात पाय बुडवण्यापलीकडे कधी गेले नाही. लोकांना वाटलं बाई हवेत गेली. त्यांना काय सांगणार, मला त्यातलं आवडलं होतं ते त्याचं झाकण. ते इथला कुठलाच कारागीर उघडू शकत नाही. बिघडलं तर सीलबंद डब्यात घालून कंपनीकडे पाठवायचं, आणि त्यांनी काय काढलं, काय घातलं याचा छापील कागद सोबत येतो. ज्या घड्याळापायी कुणावर आळ येऊच शकत नाही असं घड्याळ मला हवं होतं. तेव्हा मी हे स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

संशय घ्यायचा पगार मिळतो मला, दादा. तुम्ही असतानाच ती नोकरी लागली होती. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा आणि तो कुठे खोटं बोलतोय ते शोधायचं. पहिलं वर्ष तर नुसत्या तारखा तपासण्यात गेलं, दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक एकोणीसशे साल दाखवतील या भीतीने. तुम्हाला त्याची भारी गंमत वाटायची. तुमच्या हाताशी तेव्हा घड्याळांच्या शोरूममध्ये सेल बदलण्याखेरीज काम नव्हतं, आणि तुम्ही आईला म्हणालात, "आपलं दुकान बुडालं, पण पोरगी अख्ख्या जगाची घड्याळं लावायला निघालीय." ते नवं साल तुम्ही पाहिलंत, त्याची दिवाळी नाही. मी अजून तेच काम करते. हाताखाली चाळीस माणसं आहेत आणि ती माझ्या पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. मी भाजी घेतानासुद्धा जुडी सोडून बघते.

हे मी तुमच्याकडून घेतलं. कसब्यातलं आपलं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल, एक काचेची पेटी आणि गिऱ्हाइकाला बसायला बाकडं. त्या बाकड्यावर माणसं डोळ्यांत तेल घालून बसायची. घड्याळात माणकं असतात आणि कारागीर ती काढून घेतो, हा पुण्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांचाही पक्का समज. ती माणकं कृत्रिम असतात, मोहरीएवढीही नसतात, विकायला गेलं तर चहासुद्धा येणार नाही, हे तुम्ही सांगून सांगून थकलात आणि मग पाटी लावलीत, 'घड्याळ आपल्या समोर उघडले जाईल. कृपया श्वास दुसरीकडे सोडावा.' लोक पाटी वाचून हसायचे आणि तरी वाकून बघायचेच.

आणि तुम्हीही कुणावर विश्वास ठेवत नव्हता. एका रविवारी तुम्ही घरी काम आणलं होतं. आई भाकऱ्या थापतेय, मी ओट्याला टेकून उभी आहे, आणि तुम्ही एका घड्याळाचं झाकण उलटं करून खिडकीच्या उजेडात माझ्यापुढे धरता. "वाच." मला काही दिसत नाही. तुम्ही भिंग माझ्या डोळ्याला लावता, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा दिसायला लागतात. एक फुली, एक कसलं तरी अक्षर, आकडे. "हे तीन कारागीर आपल्या आधी येऊन गेले. ज्याने त्याने आपली खूण आणि महिना-वर्ष टाकलंय. गिऱ्हाईक काय वाटेल ते सांगेल, झाकण खरं सांगतं." मग तुम्ही तुमची खूण दाखवलीत, अर्धवर्तुळ, आत एक टिंब. आणि कधी नाइलाजाने दुसऱ्या घड्याळातला एखादा भाग घालावा लागला, तर खुणेखाली एक आडवी रेघ. पुढे कुणी उघडलं तर त्याला कळावं म्हणून. मी विचारलं, "आणि गिऱ्हाइकाला?" तुम्ही म्हणालात, "विचारलं तर सांगायचं." आई तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "आणि नाही विचारलं तर?" तुम्ही भाकरी वाढ म्हणालात. ते तुमचं उत्तर मी वर्षानुवर्षं मनात घोळवलंय आणि ते मला कधीच पुरतं आवडलेलं नाही.

सर सदाशिव पेठेतून चालत यायचे. नुकतेच निवृत्त झालेले, पांढरा शुभ्र सदरा, बोलणं नेहमी 'आम्ही' आणि 'आपण'. घड्याळ साफ करून, तेल घालून तुम्ही त्यांना दिलंत आणि आठव्या दिवशी ते परत आले. बाकड्यावर आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, मी शाळेतून येऊन टेबलाच्या कडेला गृहपाठ करत होते. सरांनी घड्याळ काचेवर ठेवलं. "आतलं हे मशीन आमचं नाही." तुम्ही शांतपणे म्हणालात, "सर, तुमचंच आहे." "अहो, आम्ही तीस वर्षं रोज सकाळी हे कानाला लावून किल्ली देतोय. हा आवाज आमच्या घड्याळाचा नाही." तुम्ही म्हणालात, तेल वाळलेलं होतं, आता नवं पडलंय, आवाज मोकळा होणारच. "म्हणजे आमचा कान चुकला. बरं." तुम्ही झाकण उघडायची सुरी हातात घेतलीत, म्हणालात, समोर उघडतो, बघा. "आपलं काम आपणच तपासणार? छान. परीक्षाही आपली, पेपरही आपणच तपासायचा." बाकड्यावरचे दोघे हसले. मग सर निघता निघता जे बोलले ते मी अजून शब्दन् शब्द सांगू शकते. "घरचे म्हणत होते, लक्ष्मी रोडवर द्या. आम्हीच म्हटलं, माणसामाणसात फरक कशाला करायचा." बुद्धपौर्णिमेला आपलं दुकान बंद असतं हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

त्यानंतर माणसं कमी झाली. नुसत्या सरांमुळे नाही, हे मला आज कळतं. त्याच सुमारास फुटपाथवर चादरी पसरून सेलवरची घड्याळं ढिगाने विकायला लागले होते, बंद पडलं की फेकायचं आणि दुसरं घ्यायचं. सगळ्यांनीच तसं केलं. पण मला त्या ढिगावर रागावता येत नव्हतं, सरांवर येत होतं, आणि मी तो राग चांगला जपला. दोन वर्षांनी तुम्ही दुकान बंद केलंत, शोरूममध्ये काउंटरमागे उभे राहिलात, टायवाल्या पोरांच्या हाताखाली. मी कॉम्प्युटरच्या क्लासला गेले तीही दात-ओठ खाऊन. नोकरीत, लग्नात, जिथे कुणी माझ्या वडिलांबद्दल विचारलं तिथे मी हेच सांगत आले, की माझे वडील सोन्यासारखे कारागीर होते आणि एका खोट्या आळाने त्यांचं दुकान घालवलं. हे मी इतक्या ठासून सांगायचे की समोरच्याला पुढे प्रश्न विचारायची सोयच राहायची नाही.

तर आता ते झाकण समोर होतं. मला घड्याळ नको होतं, दादा, मला त्याची आतली बाजू बघायची होती. तुमच्या खुणेखाली रेघ आहे का. नसली की सर खोटे ठरले.

कर्वे रस्त्यावरच्या एका कॉफीच्या दुकानात आम्ही दुपारी भेटलो. तो विक्रेता आधीच येऊन भिंतीला पाठ लावून बसला होता, त्यावरूनच मी ओळखलं की माणूस साधा नाही. घड्याळ मऊ कापडात गुंडाळलेलं. "मॅडम, टोटली ओरिजिनल. सिंगल ओनर. सदाशिव पेठेतले प्रोफेसर होते, त्यांची नात यूएसला असते, तिने घर रिकामं करताना सगळं काढलं." तबकडी मला फारच स्वच्छ वाटली. मी म्हटलं, रंगवलीय का? तो दुखावला. मी म्हटलं, झाकण उघडू. तो म्हणाला, "ओपन नको ना मॅडम. डस्ट जाते. डील फायनल झाल्यावर तुमचं तुम्ही करा." मी म्हटलं, उघडल्याशिवाय मी काहीच फायनल करत नाही. तो माझ्या मनगटाकडे बघून म्हणाला, "बाय द वे, तुम्ही हे का देताय? आय मीन, कोणी देत नाही. काही प्रॉब्लेम आहे का त्यात?" त्याला खात्री होती की मी त्याला गंडवतेय आणि मला खात्री होती की तो मला. कॉफी निवली. मी पर्समधून तुमची झाकण उघडायची सुरी आणि भिंग काढून टेबलावर ठेवलं तेव्हा तो खुर्चीत सरळ झाला. "तुम्ही वॉचमेकर आहात?" मी म्हटलं, "माझे वडील होते." शेवटी तो तयार झाला, एका अटीवर, की माझं घड्याळ तोवर त्याच्या हातात राहील आणि मी जे करीन ते टेबलाच्या मध्यावर करीन. तो पुढे वाकून माझ्या बोटांवर नजर लावून बसला. मी त्याला म्हटलं, श्वास दुसरीकडे सोड.

सुरीची धार खाचेत बसवली, अंगठ्याने दाबलं, झाकण सुटलं. भिंगातून आधी दुसऱ्याच कुणाची फुली दिसली. मग अर्धवर्तुळ, आत टिंब, आणि त्या भांडणाचा महिना आणि वर्ष. खाली रेघ नव्हती. मला एकदम रडू येईल असं वाटलं. पण ते फार तर अर्धा मिनिट टिकलं. कारण माझं डोकं लगेच म्हणालं, की ज्याने मशीन चोरलं तो खाली रेघ कशाला ओढेल? चोर काय स्वतःच्या हाताने कबुलीजबाब लिहून ठेवतो? जो पुरावा आरोपीनेच लिहिलाय तो मी ऑफिसात एक क्षणही मानला नसता. इतकी वर्षं मी या झाकणाची वाट बघितली आणि ते उघडल्यावर कळलं की ते काहीच सांगू शकत नाही. मला तुमचाच राग आला, ती कसली पद्धत शिकवलीत म्हणून.

मी झाकण बंद करायला तिरकं केलं आणि उजेड फिरला. कडेला, जवळजवळ काठाशी, आणखी एक अर्धवर्तुळ होतं. टिंबही होतं. वर्ष चार वर्षांनंतरचं. आणि त्याच्याखाली स्पष्ट, सरळ, आडवी रेघ. मी भिंग पुसून परत बघितलं. तेव्हा तर तुमचं दुकानही राहिलं नव्हतं. दुकान नसताना, शोरूममध्ये नुसते सेल बदलत असताना, सरांचं घड्याळ तुमच्या हातात परत आलं होतं. तुम्ही त्यात दुसऱ्या घड्याळाचा भाग घातलात, आणि घातला म्हणून रेघ ओढलीत. घरात मला कुणी एक शब्द सांगितला नाही. "ऑल ओके?" विक्रेत्याने विचारलं. मी म्हटलं, ओरिजिनल नाहीये, आतला एक भाग बदललाय. त्याचा चेहरा उतरला. "मग नकोय का?" मी म्हटलं, हवंय. आता तर त्याची खात्रीच पटली की माझ्या घड्याळात काहीतरी खोट आहे. त्याने डबा मागितला, कागद मागितले, आकडे जुळवले, कुणाला तरी फोटो पाठवून उत्तराची वाट पाहिली. मी सगळं करू दिलं. तुमच्या हाताचं एवढंच लिहिलेलं आता माझ्याकडे आहे, दोन अर्धवर्तुळं आणि एक रेघ, त्यासाठी मी ते निळं घड्याळ दिलं. सौदा तोट्याचा झाला हे मला कळतं आणि मला त्याचं काही वाटत नाही.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून गवार मोडत होती. तिला आता कमी ऐकू येतं, पण नजर शाबूत आहे. मी घड्याळ तिच्या पुढ्यात धरलं. ती म्हणाली, "हे सरांचं." जणू कालच पाहिलं होतं. मी विचारलं, सर आपल्याकडे परत आले होते? "आले होते की. घरी आले होते. तू क्लासला गेली होतीस." काय म्हणाले? "काही नाही. म्हणाले, बंद पडलंय, दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही." माफी? आई हसली. "सर माफी मागतात होय! चहा घेतला मात्र. मी घाबरत घाबरत विचारलं, तर घेतला. परत घेऊन गेले तेव्हा पण घेतला." आणि भाग बदलला ते त्यांना सांगितलं? "त्यांनी विचारलंच नाही. तुझ्या वडिलांनी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, आपण घातलंय ना, मग झालं."

मी तिथेच फरशीवर बसले. मग मला मुख्य गोष्ट सुचली. मी म्हटलं, आई, हे मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. आईने गवारीचं ताट बाजूला ठेवलं. "मी म्हणत होते सांगू या, पोरीला बरं वाटेल. तर ते म्हणाले, नको. म्हणाले, पोरीपुढे मला साक्षीदार उभा करायचा नाही. मला तर त्याचा अर्थ कधी लागला नाही. तुला लागतो का?"

मी 'नाही' म्हटलं.

पोस्टात टाकायला हे पत्र नाहीच, आणि आईला वाचून दाखवायलाही नाही, म्हणून इथे लिहिते. मला अर्थ लागला, दादा, लगेच लागला. सर बोलून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला घरी गेलात आणि मी दुकानात बसले होते. तुमच्या टेबलाच्या खालच्या खणात सुट्या मशीनच्या डब्या असायच्या. मी त्या एकेक उघडून बघितल्या. सरांचं मशीन त्यात आहे का ते बघत होते. सगळ्या बघितल्या, काही मिळालं नाही, आणि त्याने माझं समाधानही झालं नाही, कारण मला वाटलं तुम्ही ते घरी नेलं असेल. डब्या मी परत होत्या तशा लावल्या, निदान मला तसं वाटलं. तुम्ही आलात, खण ओढलात, दोन डब्या उचलून पुन्हा आपापल्या जागी ठेवल्यात आणि खण लोटून दिलात. मला काहीच विचारलं नाहीत. त्या दिवसानंतर दुकानात बसायला मला कधी बोलावलं नाहीत, आणि माझा अभ्यास वाढलाय म्हणून असेल, असं मी धरून चालले.

सरांनी आळ घेतला आणि चार वर्षांनी तेच घड्याळ तुमच्या हातात आणून दिलं. मी मात्र जगभर तुमची बाजू मांडत फिरले आणि तुमच्याकडे एकदाही परत आले नाही. आजसुद्धा कॉफीच्या दुकानात ते झाकण उघडलं ते सर खोटे ठरतात का हे बघायला, असं मी वर लिहिलंय. ते खरं नाही. तुम्ही खरे होता का, हे बघायला मी ते उघडलं.